चौकटीवरची टकटक

दार सताड उघडं असलं तरी ते चौकटीवर दोन बोटं वाजवत. टक टक. मग मान आत घालून विचारत, "हाय का न्हाई कोन?"

मी समोरच खुर्चीत बसलेलो असे. माझ्याकडे बघतच ते विचारत.

"दिसतोय की मी, दादा."

"दिसताय ओ. पन अजून 'या' म्हनला न्हाई."

मी 'या' म्हटल्यावर मगच चपला काढून आत येत. तुमच्याही पाहण्यात अशा एखाद्या खोडीचं माणूस असेल. आपण हसतो आणि सोडून देतो. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मला मात्र ती टकटक अजून सोडत नाही.

सांगलीला कुपवाडच्या बाजूला त्यांचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना होता. तिथे, स्वतःच्या कारखान्यात शिरतानाही ते टकटक करत. आत कांदा चिरणाऱ्या बायका डोळे पुसत ओरडत, "या मालक, तुमचंच हाय!" एकदा तिथली एक बाई मला म्हणाली, "आमचं मालक मिरचीच्या पोत्यालाबी इचारून हात घालत्यात." ते सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी एकदा कारण विचारलं. ते सहज म्हणाले, "आमच्या बाला दारापतोर जाता येत न्हवतं. अंगनाच्या भाईर उभं ऱ्हाऊन हाळी द्यायची आन् वाट बघायची. मला चौकटीपतोर जाता येतंय. मग वाजवून बघतो, कसा आवाज येतोय."

आणि हसले. मीही हसलो. मी वाईकडच्या एका गावातला. आमच्याही अंगणाबाहेरून अशा हाका यायच्या, आणि त्या ऐकून कुणी घाईने उठत नसे. हे मी त्यांना सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. विश्रामबाग भागात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवून द्यायचो. नवीन म्हणून वेबसाइटही करू लागलो होतो. सांगलीत फारशा कुणाला ते येत नव्हतं, त्यामुळे मला माझ्या हुशारीबद्दल जरा जास्तच वाटे.

त्यांची वेबसाइट आधीच होती. पुण्यातल्या भाच्याने केलेली. पिवळ्या पानावर लाल अक्षरं सरपटत जात, कोपऱ्यात दोन मिरच्या उघडझाप करत. मधोमध एक मोठा फोटो. उखळाशी बसलेली त्यांची म्हातारी आई, हातात मुसळ, चेहरा थेट आपल्याकडे, आणि मागच्या भिंतीवर हार घातलेला बुद्ध. वर ठळक अक्षरांत त्यांचं आडनाव. खाली लिहिलेलं, "जयभीम! या, बसा, चव घ्या."

"लोकं येत्यात आन् जात्यात," ते म्हणाले. "घरात मानूस आला आन् पानीबी न पिता गेला, तर जिवाला लागतं का न्हाई? तुमी जरा घर नीट लावून द्या."

वेबसाइटला ते घरच म्हणत. बसायचं कुठं, पाणी कोण देणार, आतली खोली कुठली, असं विचारत. "आन् पयल्यांदा एक दार काढा. मानूस टकटक करील, मग आत येईल."

"दादा, लोकांना थांबायला वेळ नसतो. दार वगैरे जुनं वाटतं."

"असं व्हय? मग ऱ्हाऊ द्या. तुमाला कळतंय त्यातलं." आणि निघताना म्हणाले, "घर तुमच्या हवाली."

मी मन लावून काम केलं. सरपटणारी अक्षरं काढली. मागणी नोंदवायची सोय पहिल्याच पानावर आणली. पांढरी मोकळी जागा ठेवली. मराठी अक्षरं तेव्हा चित्र करून टाकावी लागत, तीही नव्याने सुबक केली. इथपर्यंत सगळं चांगलंच होतं.

मग फोटोशी आलो आणि हात थांबला. मसाला लोकांच्या स्वयंपाकघरात जाणार. मी फोटो कापला. बुद्ध गेला, भिंत गेली, आईचा चेहरा गेला. मुसळ धरलेले दोन हात राहिले. ते फार सुंदर दिसत होते, खरंच. 'जयभीम'च्या जागी 'सुस्वागतम्' टाकलं. आडनावाच्या जागी इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढे 'फूड्स'.

मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. नाक मुरडणारे ते 'लोक' माझ्या डोक्यात बसलेले होते, आणि एकेकाचा चेहरा पाहिला तर माझ्या घरातलेच होते. पण मी त्याला डिझाइन म्हणालो. स्वतःशीसुद्धा तोच शब्द वापरला.

आणि मी त्यांच्या घरी जेवत होतो बरं. त्यांच्या आईच्या, म्हणजे आजींच्या हातची भाकरी, वर त्याच मसाल्याची चटणी. त्यांच्याकडे जेवतो हे मी चारचौघांत सांगतही असे. ते मुद्दाम सांगत असे, हे आता टोचतं.

काम झाल्यावर मी निरोप धाडला. दुपारी टकटक झाली. ते एकटे नव्हते, आईला घेऊन आले होते. आजींनी इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं, केस तेल लावून चापून बसवले होते. जिना चढून दम लागला होता, तरी चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"जगभर दिसतीया म्हनं मी," आजी म्हणाल्या. "म्हनलं, आपुन तरी बघावं."

मी आजींना खुर्ची दिली. दादांनी मॉनिटरच्या कडेवर दोन बोटं वाजवली, आईकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाले, "हाय का न्हाई कोन?"

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. चित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. आधी सुस्वागतम् आलं. मग आद्याक्षरं. मग हळूहळू मनगटं, मुसळ, बोटं, आणि चित्र थांबलं.

"हात माजंच हायत," आजी पुढे वाकून म्हणाल्या. "ह्ये बग गोंदन." मग खुर्चीत मागे टेकल्या आणि पदर नीट करून पडद्याकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अजून यायचंय न्हवं?"

पडदा हलला नाही. दादांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"व्हय आये," ते म्हणाले. "लाईन हळू हाय आज."

आजी वाट बघत राहिल्या. मी चहा मागवला. तो निवला. मग ते मला बाहेर जिन्याशी घेऊन आले.

"फोटोत जरा गर्दी होती, दादा. म्हणून..."

"गर्दी?" ते हळू आवाजात म्हणाले. "आमची आई आन् मागं बुद्ध. दोगांचीच गर्दी झाली व्हय?"

मी खाली बघत होतो.

"आन् आडनावालाबी जागा पुरली न्हाई?"

मी कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिलो.

"धंद्यापायी काडायचं ठरलं असतं, तर मीबी काडलं असतं कदाचित. धंद्यापायी काय न्हाई केलं आमी? पन त्ये मी ठरवायचं. इचारायचं तरी, सायेब."

एरवी 'सायेब' म्हणताना ते चिडवत असत. त्या दिवशी तसं काही त्यात नव्हतं.

तेवढ्यात आजी दारात आल्या. त्यांनी मलाच विचारलं, "बाबा, बाकीचं कवा येनार?"

मी काय म्हणतो, ते ऐकत दादा उभे राहिले.

"येईल, आजी," मी म्हणालो. "लाइन खराब आहे."

आजींनी माझ्या दंडावर थोपटलं. "ऱ्हाऊ दे गा. तुजा काय दोष."

दोघं जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून म्हणालो, सगळं होतं तसं करून देतो. "नगं," ते म्हणाले. "भाचा करील. तुमी फकस्त किल्ली द्या." किल्ली म्हणजे पासवर्ड. मी तो सांगितला. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

माफी मागायला म्हणून एकदा कुपवाडला गेलो. कारखान्याचं दार उघडंच होतं. आतून मिरचीचा नाकात झोंबणारा खाट येत होता, बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. चौकटीपर्यंत गेलो, हात वर केला आणि तसाच माघारी फिरलो. त्यांनी 'या' म्हटलं असतं, याचीच भीती वाटली. माझ्या चौकटीवर ती बोटं परत वाजली नाहीत.

नंतर मी साताऱ्यात राहायला आलो. तिथल्या एका सायबर कॅफेत एका दुपारी मी त्यांच्या वेबसाइटचा पत्ता टाईप केला. पडद्यावर एक बंद दार आलं. निळं, भाच्याने हाताने काढून स्कॅन केलेलं असावं, जरा वाकडंच. खाली एवढंच लिहिलं होतं, "टकटक करा."

मी माउसवर बोट ठेवून बराच वेळ बसलो. मग टकटक केली.

'या' आलं. त्याच्या खाली त्यांचं आडनाव, अख्खं. मग फोटो वरून उतरू लागला. बुद्धाचे मिटलेले डोळे, हार, भिंत. आजींचे पांढरे केस, कपाळ, आणि मग ते थेट माझ्याकडे बघणारे डोळे. गोंदलेले हात सगळ्यांत शेवटी आले.

"ओ, आलं का सगळं?" कॅफेवाला मागून म्हणाला. "हितं दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

"आलं," मी म्हणालो. पण मला उठवेना.