चकचकीत टाका

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अठरा वर्षं सर्किट बोर्डांना सोल्डर मारते आहे. यंत्रमागावरचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारे बोर्ड आम्ही बनवतो. माझा सोल्डरचा टाका असा चकचकीत पडायचा की कुणी पाहुणे आले की साहेब माझ्याच टेबलावरचा बोर्ड उचलून त्यांच्या हातात द्यायचे. मी मान खाली घालून काम करत राहायचे, पण कान तिकडेच असायचे.

माझ्या धाकट्या जावेला इथं मीच लावलं. डिप्लोमा करून घरात बसली होती, म्हणून साहेबांकडे शब्द टाकला. दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसून शिकली. मग परदेशात जाणारी एक ऑर्डर आली, आणि तिची अट अशी की सोल्डरमध्ये शिसं अजिबात नको. नवं काम शिकायला कुणाला तरी पुण्याला पाठवायचं ठरलं. माझंच नाव निघणार म्हणून मी माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली होती. पाठवलं जावेला.

पंधरा दिवसांनी ती परत आली ती इन्चार्ज होऊनच. नव्या लाइनवर मोठ्या भिंगापुढची खुर्ची तिची, सोल्डरच्या कपाटाची किल्ली तिच्याकडं. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा सगळ्या बायकांना उभं करून सांगितलं, "ह्या सोल्डरच्या तारेत शिसं न्हाय, बिस्मथ हाय. जुनी तार हिला चुकूनबी लावू नका. दोन्ही मिसळलं की बोर्ड तापल्यावर टाका मऊ पडतोय आणि माग हादरला की तडकतोय."

सगळ्या माना डोलवत होत्या. मी मनात म्हटलं, बघा, पंधरा दिवसांत शिंगं फुटली. सोल्डरिंगचं आयर्न कसं धरायचं हे जिला मी दाखवलं, ती आता मला सोल्डर शिकवणार. तिचं बोलणं मी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही.

घरी तर विचारूच नका. सासूबाई शेजारणीला ओट्यावर बसवून सांगायच्या, "आमची धाकटी आता सायबीण झालीया." तिच्याबरोबर त्याच बसनं कामावरून आलेली मी तिथंच कोथिंबीर निवडत बसलेली असायचे. मी जळत होते. याला दुसरा शब्द नाही आणि मला तो शोधायचाही नाही.

त्यात नव्या सोल्डरचा टाका दिसायचा मळकट आणि खरबरीत, कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा. जुन्या कामात असा टाका दिसला तर 'ड्राय', म्हणजे कच्चा, म्हणून आम्ही तो पुन्हा मारायला लावायचो. आता त्याचंच कौतुक चाललं होतं.

तयार बोर्ड शेवटी तपासायला माझ्याकडे यायचे. प्रत्येक बोर्डावर मोटारीचा करंट जातो तिथं एक जाड पिन असते. तिच्यावरचा तो मळका टाका बघून माझे हात शिवशिवायचे. पर्समध्ये जुन्या शिशाच्या तारेचं अर्धं रीळ पडलेलं होतं. आठवडाभर मी प्रत्येक बोर्डाच्या त्या एका पिनेला जुनी तार लावली. एका क्षणात टाका लखलखायचा. कंपनीचं काम वाचवते आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं, की तिचं काम उघडं पडावं आणि माझा टाका तेवढा टिकावा.

ते बोर्ड परदेशी जाण्याआधी कबनूर गावातल्या यंत्रमागांवर लावून बघायचे होते. दुसऱ्याच आठवड्यात ते परत यायला लागले. माग उगाचच बंद पडतात अशी तक्रार होती. मला आनंद झाला. त्या दिवशीचा डबा मी अगदी चवीनं खाल्ला.

साहेबांनी परत आलेले बोर्ड टेबलावर मांडले आणि जावेला भिंगाखाली बघायला बसवलं. तिनं एकेक बोर्ड फिरवून फिरवून बघितला. मग अनुभवी म्हणून साहेबांनी मलाही बोलावलं. मी ऐटीत पुढं झाले आणि वाकले.

तिचे मळकट टाके सगळे जागच्या जागी होते. एकालाही केसाएवढी चीर नव्हती. तडकले होते ते माझे. जाड पिनेभोवती गोल चीर गेली होती, पिन हलत होती, आणि टाका तरीही चमकत होता.

"काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"यात शिसं गेलंय," जाऊ म्हणाली.

"शिसं आलं कुठनं? कपाटाची किल्ली तुझ्याकडंच हाय न्हवं?"

त्या पिनेला शेवटचा हात माझाच लागतो हे तिला ठाऊक होतं, आणि असा टाका कुणाचा पडतो हे तर तिला कुणी सांगायलाच नको होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसती वाट बघत. मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं.

"अशानं ऑर्डर हातची जाईल," साहेब म्हणाले. "उद्यापासनं लाइन दुसऱ्या कुणाकडं तरी देतो. वैनी, तुमी बघता काय?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं.

"व्हय साहेब," मी म्हणाले. "बघू की."

जाऊ खुर्चीवरून उठली. मी तिच्याहून बरीच बुटकी. तिनं वाकून खुर्चीचा दांडा ओढला, बैठक माझ्या मापाला खाली घेतली आणि फडक्यानं भिंग पुसलं.

"बसा अक्का," ती म्हणाली.

मी बसले.