डोळे झाकून लिहिणारी मावशी

बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला की सुईण मावशी डोळे मिटायची. "डोळे मधीमधी करत्यात, हाताला ऐकू येऊ द्येत न्हाईत," म्हणायची. चारठाण्यापलीकडच्या आमच्या लहानशा गावातली निम्मी माणसं अशी मिटल्या डोळ्यांनीच तिने जगात आणली.

निजामी अमलातली गोष्ट. वरून हुकूम आला, की सुईणीला जन्माची चिठ्ठी लिहिता आली पाहिजे. नाही आली तर तिने बाळंतपणाला हात लावायचा नाही. चावडीत महिनाभर वर्ग भरला. पन्नाशीची मावशी पाटी घेऊन रोज सगळ्यांच्या आधी हजर. पण अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे हलायची. काल गिरवलेलं आज ओळखू यायचं नाही. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढ्यात म्हैस शिकली असती."

मावशी शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमचं लेकरू आडवं व्हतं. एका अंगानं येईना, तवा म्या दुसऱ्या अंगानं फिरवलं. तुमी आपलं एकाच अंगानं ढकलायलाव."

महिना संपला, वर्ग बंद. सरकारची जबाबदारी तिथेच संपली. मग मावशी माझ्याकडे आली. मी चौथी शिकलेली सून, परक्यापुढे तोंड न उघडणारी. जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर मी जाड दोऱ्याने अक्षरं शिवली. दुपारी ती डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायची. दोन महिन्यांत मावशी चिठ्ठी लिहू लागली. जे मला एका चिंधीवर जमलं, ते मास्तरांना, सरकारला का सुचू नये?

चिठ्ठीची परीक्षा सरकारी दवाखान्यात होती, मी तिच्यासोबत गेले. तिने डोळे मिटून पाटीवर 'मुलगी' लिहिलं. परीक्षा घेणारा मुन्शी हसला. "ये क्या तमाशा है? आँखें खोल."

"सायेब, लेकरू बी मी डोळे झाकूनच काढते."

सगळे हसले. तिला डोळे उघडायला लावले, आणि अक्षरं विस्कटली. नापास. तो तुकडा माझ्या पदराखाली होता. दाखवून दोन वाक्यं बोलायची होती. मी बोलले नाही.

परतताना बैलगाडीत मी रडत होते. मावशी म्हणाली, "रडू नगंस. तू एकली चौथी शिकलेली. त्येंच्यापाशी समदं सरकार हाय."

त्याच हिवाळ्यात कुंभाराची सून अडली. मावशी धावली, तर दारात पाटलाचा माणूस उभा. हुकूम आहे म्हणाला. लांबच्या गावाहून पास झालेली सुईण येईपर्यंत दुसरा दिवस कलला. तिला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने चिठ्ठी तेवढी लिहिली, सुवाच्य अक्षरात. आई आणि मूल, दोन्ही मयत.

मावशी त्या आठवड्यात पेडगावला लेकीकडे गेली, ती परत आली नाही. चिठ्ठीखाली त्या सुईणीची एकटीची सही होती. मास्तरांची हवी होती, मुन्शीची हवी होती. आणि माझी.