व्हॅनमधल्या रॅकला माझं माप

मित्रांनो, आज सक्करदऱ्यात आमच्या मालवाहू व्हॅनच्या छताखाली पुस्तकांसाठी लोखंडी रॅक बसवून घेतला. सोमवारपासून माझी बायको शालिनी ही गाडी स्वतः चालवत नरखेडच्या गावांत नेणार आहे, मुलींना पुस्तकं वाचायला द्यायला.

माप द्यायला अर्थातच मी उभा राहिलो. हात वर केला, वेल्डर बंडूभाऊंनी खडूने खूण केली आणि रॅक जोडला. मग शालिनी आत चढली. टाचा उंचावल्या, तरी तिचा हात पुस्तकापर्यंत पोहोचेना.

"पुस्तकं कोण काढणार हाय?" बंडूभाऊंनी विचारलं.

"ही."

"मंग माप तुमचं काहून देल्लं गा भाऊ?"

शालिनी हसत म्हणाली, "काल दोन तास स्त्री-पुरुष समतेवर बोलून आले ना, थकले असतील."

वीस वर्षं व्यासपीठावर गळा फाडतोय मी! आज मात्र खडू उचलून शालिनीच्या हातात दिला.

बंडूभाऊंनी ग्राइंडर उचलला, रॅक कापला आणि तिच्या हाताच्या मापाने वीतभर खाली जोडला. आत शिरताच माझं डोकं आपटलं.

"वाकायला शिका आता," शालिनी म्हणाली, आणि माझं कपाळ चोळू लागली.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची ठरवताना माप कोणाचं घेतलं होतं? आज घरी विचारून बघा.