बाजूला सारलेली वाटी

घरात सगळे तिला धाकटी म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच राहिली. थोरल्या भावाचा गाईंचा गोठा होता आणि लग्न न केलेली धाकटी तिथंच राबायची. शेण उचलायचं, धारा काढायच्या, आणि गाय व्याली की वासराला तिच्यापासून लांब न्यायचं. हे शेवटचं काम तिच्याकडेच, कारण वासरं तिच्यामागे गुमान चालत.

एकदा एका तांबड्या गाईचं वासरू तिनं असंच नेलं. सकाळी येऊन बघते तर गाय दावं तोडून अंगणात उभी. वासरू नेणारा टेम्पो केव्हाच गेला होता; गाय त्याच्या चाकांच्या खुणा हुंगत होती. धाकटीनं तिला आत ओढायला दाव्याला हात घातला, पण तिचाच पाय उचलेना.

"दादा, मला नाही जमायचं हे आता."

"मग दूध काय आभाळातून पडतं?" दादा हसला. "येशील चार दिवसांत ताळ्यावर."

ती आली नाही. इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली, भाड्यानं खोली घेतली, दूध-लोणी सोडलं. प्राण्यांसाठी झटणाऱ्या एका गटातही जाऊ लागली. तिथली मुलं-मुली तिच्या निम्म्या वयाची. तिला मान द्यायची, खुर्ची द्यायची, पण गप्पा त्यांच्या त्यांच्यातच रंगायच्या.

सणाला ती दादाकडे जायची. जेवताना कुणाला चकार शब्द बोलायची नाही, नुसती दुधाची वाटी बाजूला सारायची. पण ती बाजूला सारलेली वाटीच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायची. एका वर्षी दादानं फोनवरच सांगितलं, "यंदा पाहुणे आहेत गं. तू नंतर ये."

त्या सणाला गटानं बाजारात फलक घेऊन उभं राहायचं ठरवलं होतं. मुलं आपापल्या घरी गेली. घरचे वाट बघत होते ना. धाकटी एकटीच वासराचं चित्र घेऊन उभी राहिली. खरेदीच्या पिशव्या सांभाळत माणसं तिला वळसा घालून जात होती.

"मावशी, निदान सणाला तरी सुखानं खाऊ द्या की!" एकजण म्हणाला. बरोबरचे हसले. तीही कसनुसं हसली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

तिथं वहिनी आली, धापा टाकत.

"इथं आहेस होय? खोलीला कुलूप बघून आले. हा घे केक. तेलातच केलाय, लोण्याचं बोटसुद्धा लावलं नाही. तुझ्या दादाला बोलू नकोस." डबा हातात कोंबून ती आली तशी गेली.

खोलीवर येऊन धाकटीनं तुकडा तोंडाशी नेला आणि थांबली. दुधात आयुष्य गेलेली बाई, नाकाला कळलंच. केकमध्ये दुधाची पावडर होती. तिच्यासाठी म्हणून कुणी चूल पेटवल्याला किती वर्षं झाली होती! तुकडा हातात तसाच धरून ती रडली.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "आवडला का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. "वहिनी, यात दुधाची पावडर आहे."

पलीकडे पाकीट उलटसुलट केल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई! मला वाटलं, दूध म्हणजे पातळ ते."

धाकटीला हसू फुटलं. वहिनीही हसायला लागली. पण मागून दादाची हाक आली आणि फोन बंद झाला. तो केक तिला खाववेना, टाकवेना. शेवटी मुंग्यांनी निकाल लावला.

दादा काही निवळला नाही. त्याच्या पंगतीला धाकटीचं पान पुन्हा मांडलं गेलं नाही. पण दर सणाला वहिनी कुणाला न सांगता पिशवीभर सफरचंदं घेऊन येते. "हे घे. यात मी काहीच घातलेलं नाही, देवाशपथ," असं म्हणून एक फळ चिरते. दोघी खोलीच्या उंबऱ्यात बसून खातात. वहिनीला घरी पाहुणे असतात, ती लवकर उठते. मग उरलेल्या फोडी धाकटी एकटीच, सावकाश संपवते.