तारमास्तरांच्या घरातला करंडा

मालधक्क्यावर काम करणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. गाडी लेट असली की करायचं काय? भाताच्या पोत्यांवर बसायचं, पानाची चंची उघडायची आणि पाठोपाठ कुणाचं तरी घर उघडायचं! आमच्या वेळी कल्याण स्टेशनात सगळ्यात जास्त उघडलं गेलं ते तारमास्तर तात्यांचं घर. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे माझ्याकडचा माल अस्सल.

तात्या किडकिडीत, शिस्तीचे, शब्द तोलून बोलणारे. तारेच्या ऑफिसात दुसरी कोणती सवय लागणार? त्यांच्या घरात राहणारे बाळकोबा माझ्याबरोबर मालधक्क्यावर कारकून होते. धिप्पाड गडी, गालभर कल्ले आणि अशी मिशी, की साहेबसुद्धा आधी मिशीकडे बघून मग बोलायचा. दोघंही बिनलग्नाचे. स्थळं यायची आणि परत जायची, पुढे यायचीच बंद झाली. एकाला ताप आला की दुसरा रजा टाकायचा. एकाची ड्यूटी लांबली की दुसरा जेवायचा थांबायचा. काय आहे ते आम्हाला कळत होतं. नवराबायकोत असतं तेच होतं, आणि आमच्यातल्या पुष्कळांच्या घरी होतं त्यापेक्षा बरं होतं. तोंडाने मात्र कुणी कधी बोललं नाही.

हे सगळं आज हसत सांगतो, कारण शेवट काय झाला ते मला माहीत आहे.

*

तात्यांची बहीण नाशकाकडे दिलेली. पटकीच्या साथीत ती आणि मेहुणे दोघंही गेले. मागे राहिला एक लहानगा, नानू. चुलत्याने हात वर केले, म्हणून शेजाऱ्यांनी पोराला गार्डाच्या हवाली करून गाडीत बसवलं आणि मामाला तार केली.

आता तार घेणारे कोण, तर तात्याच! यंत्र कट्टकट्ट करत होतं आणि तात्या रोजच्यासारखं एकेक अक्षर उतरवून घेत होते. हात थांबला नाही. तार संपली, सही केली, पाकिटात घातली आणि शिपायाला हाक मारली.

"ही पोचव."

शिपायाने पत्ता वाचला. "तात्यासाहेब, ही तर तुमचीच."

"मग इथे काय देतोस?" तात्या म्हणाले. "घरी दे. बाळकोबा आहेत."

*

गाडीतून नानू उतरला तेव्हा त्याच्या एका हातात गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात आईचा पितळी हळदीकुंकवाचा करंडा. गाठोडं त्याने बाळकोबांना घेऊ दिलं. करंडा काही दिला नाही.

घरी आल्यावर त्याने सगळ्या खोल्या हिंडून बघितल्या आणि विचारलं, "इथे बायका नाहीत?"

"नाहीत रे बाळा."

"मग रांगोळी कोण काढतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराच्या दारात पहिल्यांदा रांगोळी पडली, नानूने काढलेली. तात्या आणि बाळकोबा बराच वेळ आतच थांबले. तिच्यावर पाय न देता ऑफिसला कसं जायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

*

तात्यांना नानू मामा म्हणायचा, ते सरळच होतं. बाळकोबांना काय म्हणायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. पोराने आपलं आपण ठरवलं.

एकदा आम्ही सगळे धक्क्यावर बसलेलो. रेल्वेचा गोरा साहेब पोती तपासत होता. तेवढ्यात नानू पळत आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मामी, जेवायला चला, मामा थांबलेत!"

हमालांचे हात जागच्या जागी थांबले. मी पोत्याची शिवण बघू लागलो. बाळकोबांनी मिशीवरून सावकाश हात फिरवला, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "आलो."

साहेबाने मला विचारलं, मामी म्हणजे काय? मी म्हटलं, नात्याचा शब्द आहे, साहेब, मोठ्या मानाचा. त्यानंतर साहेब बाळकोबांना मिस्टर मामी म्हणायचा.

*

पोर घरातलं सगळं करायचं. जात्यावर ओव्या म्हणायचं, पापड लाटायचं, आणि मनात आलं की मामाचं धोतर नऊवारीसारखं नेसून मिरवायचं. लोक बोलायला लागले तेव्हा बाळकोबांनी त्याला तालमीत घातलं. आठवडाभराने वस्ताद स्वतः त्याला घरी घेऊन आले.

बाळकोबा दारातच घाबरले. "काही केलं का त्याने?"

"पोर गुणी आहे," वस्ताद म्हणाले. "रोज मारुतीपुढे कमळ काढतं, मोर काढतं. पण बाकीची पोरं आता लंगोट लावून रांगोळीच बघत उभी राहतात. कुस्ती कुणी खेळंना."

*

चैत्रातलं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. नानू धोतराची नऊवारी नेसून हजर! आमच्या मंडळींनी काही न विचारता त्याला बायकांत बसवलं आणि आंब्याची डाळ दिली. आळीतल्या एक आजीबाई पुढे वाकून म्हणाल्या, "अगो, हा मुलगा ना?"

"हो आजी," नानू म्हणाला. "पण डाळीत मीठ नाही."

आजींनी चाखून बघितली. "खरंच गो, नाहीये."

मग मिठावरून जी चर्चा सुरू झाली, तिच्यात मुलग्याचा विषय कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

*

आता चुलत्याचं. नानू मुंजीच्या वयाचा झाला तेव्हा काकांचा निरोप आला. घरात बाई नाही, पोराचे हाल होत असतील, आम्ही दोघं येतो आणि त्याला घेऊन जातो. चुलत्यापुढे मामाचं काही चालत नाही, आणि बाळकोबांचं नातं तर जगाच्या हिशेबी नव्हतंच. धक्क्यावर बाळकोबा एकच पोतं दोनदा मोजू लागले. तात्या मला म्हणाले, "त्यांनी नेला, तर आम्ही अडवायचं ते कोणत्या तोंडाने?" तात्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

दोघांनी ठरवलं, त्या दिवसापुरता नानूला चारचौघांसारखा मुलगा करायचा. रांगोळीचा डबा आमच्याकडे आला. करंडा तांदळाच्या कणगीत गेला. नानूला टोपी घालून, हातात पाटी देऊन ओसरीवर बसवलं. स्वैपाक तात्या करणार होते.

काका-काकू आले तेव्हा मीही तिथेच होतो. नानूने पाढे बिनचूक म्हटले. तात्यांचा भात मात्र करपला, आणि आमटी कशाची आहे ते ओळखू येईना. काकांनी एक घास घेऊन हात आवरला.

"हेच म्हणत होतो मी," ते म्हणाले. "पोराचं गाठोडं बांधा."

बाळकोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तात्या गाठोडं बांधायला लागले, पण गाठ बसेना.

नानू ओसरीवरून उठला. टोपी खुंटीला अडकवली, कासोटा घट्ट खोवला आणि चूल नव्याने पेटवली. थोड्या वेळाने काकांच्या पानात वाफाळता भात, पिठलं आणि वर तूप पडलं. काका भात पुन्हा पुन्हा मागत होते. पुरुषांचं आटोपल्यावर नानूने काकूंचं पान मांडलं.

"बसा काकू, गरम आहे तोवर."

काकू पानावर बसल्या. गरम आहे तोवर जेवायला त्यांना बहुधा आजवर कुणी बसवलं नव्हतं.

तरी निघायची वेळ आलीच. दारात छकडा उभा होता आणि नानूचं गाठोडं वर चढलं होतं. काकू उंबऱ्याशी घुटमळल्या. सवाष्ण बाई कुंकू न लावता निघणार कशी, आणि लावणार कोण? आम्ही तिघं बाप्ये खाली बघत उभे.

नानूने कणगीत कोपरापर्यंत हात घातला. करंडा बाहेर काढला, तांदूळ पुसले आणि काकूंना हळद लावली, कुंकू लावलं.

"अरे, हे काय चालवलंयस?" काका म्हणाले.

काकूंनी करंडा स्वतःच्या हातात घेतला. आपल्या गेलेल्या जावेचा करंडा त्यांनी ओळखला. मग एक बोट हळदीत, एक बोट कुंकवात, आणि बाई बाईला उलट लावते तसं त्यांनी नानूला हळदीकुंकू लावलं. छकड्यातलं गाठोडं उतरवून पायरीवर ठेवलं आणि स्वतः वर चढून बसल्या.

"अगं, आणि पोर?" काका म्हणाले.

"तो कसा येईल?" काकू पदर सारखा करत म्हणाल्या. "त्याची चूल पेटलेली आहे. चला, गाडी चुकेल."