तिसरं घर, निळं दार

देवाला माणसांचे पत्ते सांगावे लागतात असं मानणारी अतिशय श्रद्धाळू बाई सबंध बऱ्हाणपुरात एकच होती, आणि ती नेमकी आमच्या भिंतीपलीकडे राहायची. ख्रिस्ती, विधवा, मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या. गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. उन्हाळ्यात शाळा सकाळची, त्यामुळे दुपारचं जेवण झालं की बाईंची प्रार्थना सुरू होई, तीही वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा खड्या आवाजात. "हे स्वर्गीय बापा, शनवारा वेशीतून आत वळलास की विणकरांची गल्ली, डाव्या हाताला तिसरं घर, निळं दार. तिथे माझ्या शेजारच्या वहिनी राहतात, त्यांना सांभाळ. चौथं घर नव्हे बापा, ते लोक वेगळे." चौथ्या घरच्या काकूंनी हे ऐकून आठ दिवस अबोला धरला. मग बाईंनी त्यांचाही पत्ता सविस्तर वर कळवला, तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या. मी एकदा म्हटलं, "बाई, देवाला सगळं ठाऊकच असतं ना?" तर म्हणाल्या, "असतं की. पण नीट सांगायला आपलं काय जातं?"

त्या चैत्रात आमच्या गल्लीत भरदुपारी घरं फुटू लागली. पुरुष कामावर, बायकांचा जरा डोळा लागलेला, तेवढ्यात कोणीतरी मागच्या भिंतीवरून उतरायचं. गल्लीच्या तोंडाशी विणकरांचे माग खडखडत असत, त्यात कुणाची हाक कुणाला ऐकू जाणार! तिसऱ्या चोरीत एका म्हातारीचे हात बांधून तोंडात बोळा कोंबला होता. ती वाचली, पण नंतर कितीतरी दिवस बोललीच नाही. आणि त्याच आठवड्यात आमचे हे, कचेरीत कारकून, साहेबाबरोबर शाहपूरला दौऱ्यावर गेले. घरात मी आणि चार महिन्यांची मुलगी. अडसर घातला तरी मला घास गिळवेना. मांजरानं भांडं पाडलं तरी मी मुलीला छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभी राही.

शेवटी बाईंजवळ मन मोकळं केलं, आणि बोलण्याच्या भरात पाटल्या कुठे लपवल्यात तेही सांगून बसले. "फिकर नका करू वहिनी, मी प्रार्थना करते ना," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "हे बापा, तिसरं घर, निळं दार, स्वयंपाकघरात उजवीकडे तुरीच्या डाळीचं मडकं. त्यात पाटल्या आहेत, नजर ठेव. आणि घरचे शनिवारपर्यंत गावी नाहीत." माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तशीच धावत गेले. "अहो बाई, काहून असं करता? सगळ्या गल्लीनं ऐकलं!" त्या अगदी गोंधळून गेल्या. "मी तर फक्त त्याच्याशी बोलत होते हो." मला हसावं की रडावं कळेना. पाटल्यांची जागा मी बदलली आणि या खेपेला माझ्या देव्हाऱ्यातल्या देवांनाही सांगितली नाही.

दुसऱ्याच दुपारी परसात धप्पकन कोणीतरी उतरलं. परसदाराच्या फटीतून एक लोखंडी पट्टी आत आली आणि अडसर हळूहळू वर उचलू लागली. मुलीला उचललं आणि मुठीनं बाईंची भिंत बडवली. पलीकडची प्रार्थना थांबली. त्यांनी मागच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं असावं. मग गल्लीनं कधी ऐकला नव्हता असा आवाज उठला, "हे स्वर्गीय बापा! विणकरांची गल्ली! तिसरं घर, निळं दार! परसातून शिरतोय! धाव, लौकर धाव!"

माग थांबले. आठ-दहा विणकर काठ्या घेऊन धावत आले, आणि एकही जण चुकून चौथ्या घरात शिरला नाही. चोर पट्टी दारातच टाकून भिंतीवरून पळाला. एक म्हातारे विणकर घाम पुसत म्हणाले, "बाई, ऊपरवाले ने सुना के नहीं वो जाने, हमने सुन लिया."

गर्दी पांगल्यावर बाई माझ्या दारात आल्या. पदर मुठीत गच्च धरलेला, नजर पुन्हा पुन्हा परसाच्या भिंतीकडे. "बाई, तुम्हीसुद्धा घाबरलात?" मी म्हटलं. मला वाटायचं, या बाईला भीती माहीतच नाही.

"आमचे मास्तर गेल्यापासून रोज भीती वाटते हो वहिनी," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोललं की घरात आणखी कोणी आहे असं वाटतं. प्रभू असतोच. पण तो बोलत नाही ना." मग मान खाली घालून त्यांनी विचारलं, "आजची दुपार तुमच्याकडे बसू का?"

मी सतरंजी अंथरली. मुलीच्या पायावर हात ठेवून त्या लगेच झोपी गेल्या, किती दिवसांच्या जागलेल्या कोण जाणे. मी परसदाराकडे तोंड करून त्यांच्या उशाशी बसून राहिले. सबंध उन्हाळ्यात मला भीती वाटली नाही, अशी ती एकच दुपार.