दिवळीतला ग्लास

आमच्या घराच्या ओसरीत, दारापासून जरा लांबच्या भिंतीत एक दिवळी होती. त्या कोनाड्यात एक काचेचा ग्लास कायम पालथा घातलेला असायचा. घरातली बाकी भांडी पितळेची नाहीतर स्टीलची. काचेचा तेवढा एकच. गावकुसाबाहेरून कामाला आलेला गडी, झाडण्या विकणारी बाई, लग्नाची सुपारी घ्यायला आलेले वाजंत्री यांना त्यात पाणी द्यायचं. जो प्याला त्यानंच तो विसळून परत पालथा ठेवायचा. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. उजव्या हातानं जेवायचं जसं कळतं तसं कळलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी बीए करायला जालन्याला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. घनसावंगीकडच्या आमच्या गावाहून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून खोली घेतली. घरमालकीण निवृत्त नर्स होत्या, एकट्याच राहायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांच्या भिंतीवर लाकडी क्रूस होता. तो पाहून मी मनात म्हणालो, आपण शिकलेली माणसं, आपल्याला काय त्याचं. आणि तरीही पहिले आठ दिवस मी कॉलेजच्या नळावर पोटभर पाणी पिऊन खोलीवर यायचो. ओट्यावर बाईंनी जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी रांजण भरून ठेवलेला असायचा, त्याला मी हात लावला नाही. नवव्या दिवशी कॉलेजच्या नळालाच पाणी आलं नाही, तेव्हा प्यालो.

मग हळूहळू त्यांच्याकडं जेवूही लागलो. संध्याकाळी बाई दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या. मला ख्रिस्ती करावं असं त्यांच्या मनात कधी दिसलं नाही. शेजारणीची हकीकत सांगावी तसं सांगायच्या. एकदा बी पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, थोडंच चांगल्या जमिनीत.

मी म्हणालो, "बाई, असा पेरणारा आमच्या बापानं दुसऱ्या दिवशी कामावरून काढला असता. आम्ही सरकी एकेक बी मोजून टोबतो."

बाई खळखळून हसल्या. "मग बरं झालं की बाबा, देव तुझ्या बापासारखा नाही. नाहीतर माझ्यासारख्या खडकावर त्यानं कशाला बी टाकलं असतं?"

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट विहिरीवरच्या बाईची. भर दुपारी येशू चालून दमून विहिरीच्या काठावर बसला. जवळ दोर नाही, पोहरा नाही. तेवढ्यात एक बाई पाणी भरायला आली. तिच्या लोकांच्या हातचं याच्या लोकांना चालत नव्हतं. आणि हा तिलाच म्हणाला, मला प्यायला दे. तीच बिचारी दचकली, तुम्ही माझ्याकडं कसं मागता म्हणाली.

बाईंनी तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. "पाणी देणारे लई असतात. मागायला मोठं मन लागतं. माझ्याजवळ काही नाही, तुझ्याजवळ आहे, असं म्हणावं लागतं."

हे मी वहीत लिहून ठेवलं. पुढं कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ही गोष्ट सांगितली. आवाज चढवून विचारलं, अजून किती दिवस आपण माणसाच्या हातचं पाणी नाकारणार? टाळ्या पडल्या. मला खरंच वाटलं, आपल्याला गोष्ट कळली.

आईनं मात्र पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "घरमालकीन कोनाची हाय रे?"

"नर्स आहे. शहरात असं विचारत नसतात, आई," असं म्हणून मी विषय टाळला होता.

दुसऱ्या वर्षी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरून आठवा लागला होता. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा तिचे पाय सुजलेले, डोकं सारखं दुखायचं. आई म्हणाली, पहिलटकरणीचे पाय सुजतातच. जालन्याला परतल्यावर मी बाईंना सहज सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. "मी येते. उद्याच जाऊ."

सकाळच्या एसटीनं आणि पुढं काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही गावी पोचलो. जीप उतरल्यावर अर्धा तास उन्हातली वाट. बाईंचं वय साठीच्या पुढं. त्या पदरानं तोंड पुसत ओसरीवर आल्या आणि बसायच्या आधी बहिणीचा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं, दंडाला पट्टा बांधला.

"आजच जालन्याला न्यायचं. उद्यावर टाकू नका," त्या म्हणाल्या.

वडील लगेच जीप बघायला गेले. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. घाबरलेली होती, पण सवय कुठं जाते? तिनं विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?"

"आम्ही ख्रिस्ती."

"न्हाई, पहिल्याच्या?"

बाई पट्टा गुंडाळत शांतपणे म्हणाल्या, "पहिले आमचं घर गावकुसाबाहेर होतं."

आई चौकट धरून तशीच उभी राहिली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "पाणी दे बाबा. घसा कोरडा पडला."

मी उठलो. हे सगळं व्हायला किती वेळ लागला असेल? चार पावलांचा. माझ्या डाव्या हाताला घराचं दार, आत माठ, माठावर फुलपात्र. उजव्या हाताला दिवळी. मी आईच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझा हात दिवळीकडं गेला. ग्लास घेऊन मी आत गेलो, माठातून भरला आणि बाहेर येऊन बाईंच्या हातात दिला. दिवळीतून उचलताना त्यांनी पाहिलं होतं. हातातल्या ग्लासाकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि सगळं पाणी प्याल्या. मग उठल्या, अंगणाच्या कडेला जाऊन ग्लास विसळला, झटकला आणि दिवळीत पालथा ठेवला.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत होतं. लहानपणापासून माहीत असणार.

जीपमध्ये बहीण त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आली. दवाखान्यात बाईंनी डॉक्टरांशी बोलून सगळं बघितलं. दोन दिवसांनी मुलगी झाली, हाताच्या पंजाएवढी, पण रडली. बहीणही वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्याच दुपारी मी आईला थोडा वेळ आडवं व्हायला खोलीवर आणलं. दोन रात्री ती दवाखान्याच्या फरशीवर बसून होती. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पानी."

बाई आतून तांब्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "ताई, मी देऊ का, का लेकाला काढून द्यायला सांगू?"

माझी मान खाली गेली. हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. आईला अडचण होऊ नये म्हणून विचारत होत्या.

आईनं हात पुढं केला. "द्या हो बाई. माझी लेक तुमच्या हातानं वाचली, अन् मी तुमच्या हातचं पानी न्हाई म्हनू? मंग मला काय म्हनावं?"

तांब्या वर धरून ती घटाघटा प्याली. थोडं पाणी लुगड्यावर सांडलं. वहीत काही न लिहिता, कुठलीही गोष्ट न ऐकता.

बाई आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, "आई, त्या दिवशी दिवळीतला ग्लास..."

"तो तूच आनला व्हतास," आई म्हणाली. "मी कुठं काय म्हनले?"

खरंच, ती काही म्हणाली नव्हती. घरच्यांच्या भीतीनं केलं, असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. त्या दिवसापासून तेही सांगायची सोय राहिली नाही.

पुढं तीन-चार महिने गेले. बाईंचं वागणं जरासुद्धा बदललं नाही, त्यामुळं मला जास्त जड जायचं. त्या तांदूळ घेऊन बसल्या की मी अभ्यासाचं निमित्त करून उठायचो. बोलायचं रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. एकदा सहा दिवसांनी नळ आला. आम्ही दोघं हंडे भरत होतो. पाण्याचा आवाज होता, म्हणून असेल, धीर झाला.

"बाई, तो ग्लास मी माझ्या मनानं आणला होता. आईनं सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे. तुझी आई माझ्या समोरच उभी होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी भरलेला हंडा नळाखालून सरकवला, रिकामा लावला. "काय बोलणार? तुझ्या आईनं आणला असता तर मला काही वाटलं नसतं. तू आणलास, त्याचं वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं." हंडा धारेखाली नीट करून म्हणाल्या, "पण तहान लागली होती रे. म्हणून प्याले."

मी माफी मागू लागलो. बाई म्हणाल्या, "हंडा भरला बघ. वाया चाललंय." मी हंडा उचलला.

त्या विहिरीवरच्या गोष्टीत पुढं खूप बोलणं आहे, पण त्या बाईनं पाणी दिलं की नाही आणि तो ते प्याला की नाही, हे कुठंच सांगितलेलं नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. टाळ्या घेतल्या तेव्हा तर नक्कीच आलं नव्हतं. त्या गोष्टीत आपण पाणी मागणाऱ्याच्याच जागी उभे असू, हे तेव्हा मी धरूनच चाललो होतो.